फुटलेले जहाज कोठून पाहायचे?

तुम्ही लिहिले आहे की पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी रोमँटिक (म्हणजे १८०० च्या आगेमागे युरोपात भावना आणि निसर्ग यांना अग्रस्थान देणाऱ्या कलाप्रवाहातील) निसर्गचित्रांमधील नौकाभंग हा विषय घेतला असून कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या ‘भंगलेली आशा’ या चित्रापासून सुरुवात केली आहे. पण वाचन वाढले तसा गोंधळही वाढला. एका अभ्यासकाच्या मते फुटलेले जहाज म्हणजे मर्त्य मानवी जीवन, दुसऱ्याच्या मते कोसळलेली राजवट, तर तिसऱ्याच्या मते निसर्गापुढे झालेली माणसाची हार. यांतला कोणता अर्थ खरा मानावा आणि प्रबंधिकेसाठी चित्रे कोणती निवडावीत, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असल्याने पहिल्याला अधिक जागा देते.

गेली बावीस वर्षे मी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवत आले आहे आणि प्रबंधिका तपासताना एक अडचण वारंवार पाहिली आहे. विद्यार्थी जहाजाला शब्दासारखे वाचतात. कवटी म्हणजे मृत्यू, नांगर म्हणजे आशा, तसे फुटलेले जहाज म्हणजे अमुक, असा कोश त्यांना हवा असतो. सतराव्या शतकातील डच सागरचित्रांपर्यंत असा कोश बऱ्यापैकी उपयोगी पडतो, कारण त्या चित्रकारांना आणि त्यांच्या ग्राहकांना बायबलमधले आणि बोधचित्रांच्या पुस्तकांतले संकेत सारखेच ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सामायिक कोश विस्कटत गेला. जहाज, खडक आणि वादळ तेच राहिले, पण त्यांचा अर्थ आता चित्रकाराला रचनेतून, प्रकाशातून आणि अंतराच्या हिशेबातून नव्याने उभा करावा लागला. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी एकच गोष्ट विचारते: या चित्रात पाहणारा कुठे उभा आहे? किनाऱ्यावर, पाण्यात, तराफ्यावर, की त्याला उभे राहायला जागाच ठेवलेली नाही? अर्थाचा बराचसा निवाडा तिथे होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम तुमच्या सुरुवातीच्या चित्राविषयी एक दुरुस्ती करायला हवी, कारण तुमचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे. हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या संग्रहालयातले, १८२३–२४ मध्ये रंगवलेले जे चित्र तुम्ही घेतले आहे, त्याचे आज स्वीकारलेले नाव ‘बर्फाचा समुद्र’ असे आहे. १८२४ मध्ये ते प्रागच्या प्रदर्शनात मांडले गेले तेव्हा त्याचे शीर्षक लांबलचक आणि वर्णनात्मक होते: आर्क्टिक समुद्राचे कल्पित दृश्य आणि त्यातल्या बर्फाच्या राशींवर फुटलेले जहाज, अशा आशयाचे. फ्रीडरिशने त्याआधी, १८२२ मध्ये, बर्फात सापडलेल्या जहाजाचे आणखी एक चित्र काढले होते. ते आता हरवले आहे. या दोन चित्रांची पुढे गल्लत झाली आणि ‘भंगलेली आशा’ हे नाव हॅम्बुर्गच्या चित्राला चिकटले. तुम्ही ‘आशा’ या शब्दावर चार पाने लिहिली आहेत असे म्हणता; ती पाने चुकीची ठरतीलच असे नाही, पण त्यांचा आधार आता शीर्षक असू शकत नाही. तो आधार चित्रातच शोधावा लागेल. चित्राचे नाव कोणी, कधी आणि कशासाठी दिले, हे पाहिल्याशिवाय त्या नावावर अर्थाची इमारत बांधू नये, ही खबरदारी मी प्रत्येक प्रबंधिकेत घ्यायला लावते.

आता अर्थ परिस्थितीवर कसा अवलंबून असतो त्याविषयी. नौकाभंगाचा अर्थ देशानुसार, दशकानुसार आणि चित्र कोणी मागवले त्यानुसार बदलतो. इंग्लंडमध्ये तो घरोघरी पोहोचणारा विषय होता. जानेवारी १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे ‘हॅल्सवेल’ हे हिंदुस्थानाकडे निघालेले जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेटच्या खडकांवर आपटून फुटले. कप्तान आणि त्याच्या दोन मुली त्यात गेल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये चित्रकार लूदरबर्ग याच्या यांत्रिक दृश्यरंगमंचावर हा प्रसंग प्रकाश आणि आवाजासह दाखवला जाऊ लागला. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला फुटलेले जहाज पाहताना एखादे अमूर्त तत्त्व आठवण्याआधी बातमी आठवत असे, एखाद्या ओळखीच्या घरातला मुलगा आठवत असे. ड्रेस्डेनमध्ये, समुद्रापासून दूर नदीकाठी राहून चित्रे काढणाऱ्या फ्रीडरिशच्या प्रेक्षकाची गोष्ट वेगळी होती. या दोघांच्या जहाजांना एकच अर्थ लावणे मला योग्य वाटत नाही.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकापासून सुरुवात करू. फ्रेंच चित्रकार क्लोद-जोसेफ व्हेर्ने (१७१४–१७८९) याला रोमँटिक म्हणता येणार नाही, पण त्याच्याशिवाय हा विषय उभा राहत नाही. त्याचे ग्राहक पुष्कळदा चित्रांची जोडी मागवत. एकात शांत बंदर, पहाटेचा किंवा सांजवेळचा प्रकाश, जाळी ओढणारे कोळी. दुसऱ्यात वादळ, खडकावर आपटलेले जहाज, किनाऱ्यावर ओढून आणलेली बेशुद्ध स्त्री आणि आकाशाकडे हात उंचावलेली माणसे. ही जोडी दिवाणखान्यात समोरासमोर टांगली की अर्थ आपोआप तयार होई: दैव आज असे, उद्या तसे. या चित्रांत पाहणाऱ्याचे पाय नेहमी जमिनीवर असतात. जवळच खडक असतो, मदतीला धावणारी माणसे असतात, आणि आपण त्यांच्यामागे सुरक्षित उभे असतो. रोमन कवी ल्युक्रेशियसने फार पूर्वी म्हटले होते की खवळलेल्या समुद्रात दुसऱ्याची चाललेली धडपड किनाऱ्यावरून पाहणे गोड वाटते. दुसऱ्याच्या दुःखाचा आनंद होतो म्हणून नव्हे, तर आपण कोणत्या संकटातून मोकळे आहोत हे कळते म्हणून. व्हेर्नेच्या चित्रांची जागा नेमकी हीच आहे.

ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये या अनुभवाला तात्त्विक बैठक दिली. भय फार जवळ येऊन दाबत नसेल तर ते एक विलक्षण सुख देते, असे त्याचे म्हणणे. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७९० मध्ये खवळलेल्या महासागराचाच दाखला देऊन सांगितले की आपण सुरक्षित जागी असलो तर दृश्य जितके भयंकर तितके ते ओढून घेते, कारण त्या क्षणी आपल्याला आपल्या आतल्या, निसर्गाला न हरणाऱ्या शक्तीचा प्रत्यय येतो. मराठीत या संकल्पनेसाठी ‘उदात्त’ हा शब्द रूढ आहे आणि तो तुम्ही वापरलाही आहे. वापरा, पण एक टीप जोडा. आपल्या कानाला ‘उदात्त’ म्हटले की चारित्र्याची थोरवी ऐकू येते, भीती ऐकू येत नाही. बर्कच्या कल्पनेत भीती हा पायाच आहे. मी वर्गात ‘भव्यभीषण’ हा शब्द वापरते. तो तितका सुबक नाही, पण विद्यार्थ्यांची वाट चुकू देत नाही.

रोमँटिक चित्रकारांनी जे केले ते या सुरक्षित जागेवरच केले. त्यांनी ती हळूहळू काढून घेतली. हा माझ्या उत्तराचा गाभा आहे, म्हणून तीन-चार चित्रांवर थांबून सांगते.

इंग्लिश चित्रकार टर्नर याचे ‘नौकाभंग’ हे १८०५ चे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. जवळजवळ पावणेदोन मीटर उंच आणि दोन मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद अशा या कॅनव्हासवर किनारा कुठेच नाही. खडक नाही, दिवा नाही, देवाकडे पाहायला निवांत आकाशही नाही. मोठे जहाज मागे कलंडले आहे, पण लक्ष त्याच्याकडे जात नाही. ते पुढच्या लहान होड्यांकडे जाते, जिथे माणसे एकमेकांना धरून दाटीने बसली आहेत आणि होडी लाटेच्या पोटात घसरते आहे. पाण्याची तिरपी भिंत चौकटीच्या बाहेर, आपल्या बाजूला येते. व्हेर्नेच्या चित्रात आपण खडकावर होतो. इथे आपल्यालाही एखाद्या होडीतूनच पाहावे लागते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘अर्ल ऑफ अॅबरगेव्हनी’ हे बंगाल आणि चीनकडे निघालेले कंपनीचे जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत बुडाले आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. टर्नरने तेच जहाज रंगवले असे ठामपणे म्हणू नका, पण त्या वर्षीच्या प्रेक्षकाच्या मनात ते होते, एवढे निश्चित म्हणता येईल.

याच दुर्घटनेची दुसरी बाजू तुमच्या प्रबंधिकेत यावी असे मला मनापासून वाटते. त्या जहाजाचा कप्तान जॉन वर्ड्सवर्थ हा कवी विल्यम वर्ड्सवर्थचा भाऊ होता आणि तो जहाजाबरोबर बुडाला. पुढे कवीने आपले स्नेही सर जॉर्ज बोमंट यांनी काढलेले एक चित्र पाहिले: वादळात उभा असलेला पील किल्ला आणि समोरच्या समुद्रात हेलपाटणारे जहाज. त्या चित्रावर त्याने कविता लिहिली. तरुणपणी त्याने तोच किल्ला आठवडेच्या आठवडे शांत समुद्राकाठी पाहिला होता, आणि तेव्हा मी चित्र काढले असते तर शांततेचे काढले असते, असे तो म्हणतो; भावाच्या मृत्यूनंतर मात्र त्याला वादळाचे चित्रच खरे वाटते. इथे अर्थाचा भार जहाजावर नाही, लाटांचा मार खात उभ्या राहिलेल्या किल्ल्यावर आहे. म्हणजे ‘नौकाभंग हे निराशेचे प्रतीक’ हे सूत्र एका शोकाकुल माणसाच्या हातातही टिकत नाही; त्याने त्या चित्रातून सोसण्याचे बळ घेतले.

आता फ्रेंच चित्रकार जेरिको. ‘मेड्यूसाचा तराफा’ हे काटेकोरपणे निसर्गचित्र नव्हे, ते ऐतिहासिक प्रसंगचित्र आहे, आणि परीक्षक तुम्हाला हे नक्की विचारतील. तरीही ते वगळू नका, कारण पाहणाऱ्याची जागा बदलण्याचे काम त्याने सर्वांत कठोरपणे केले आहे. घटना तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. २ जुलै १८१६ रोजी सेनेगलकडे निघालेली फ्रेंच युद्धनौका ‘मेड्यूसा’ आजच्या मॉरिटानियाच्या किनाऱ्याजवळ, आर्गँच्या वाळूच्या थरावर रुतली. कप्तान वीस वर्षांहून अधिक काळ समुद्रावर गेला नव्हता. राजनिष्ठेच्या बळावर त्याला पद मिळाले होते. होड्या पुरेशा नव्हत्या, म्हणून सुमारे १४७ माणसांना जहाजाच्या लाकडांपासून बांधलेल्या तराफ्यावर चढवले गेले. होड्या तो तराफा ओढत नेणार होत्या. थोड्याच वेळात दोर सोडून दिले गेले. १३ दिवसांनी ‘आर्गस’ हे जहाज आले तेव्हा १५ माणसे जिवंत होती.

जेरिकोने वाचलेल्यांना भेटून माहिती घेतली, तराफ्याची लहान प्रतिकृती बनवून घेतली, रुग्णालयात जाऊन मरणासन्न माणसांचे अभ्यास केले. पण माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा निर्णय त्याच्या कच्च्या आराखड्यांत दिसतो. आधीच्या आराखड्यांत ‘आर्गस’ बऱ्यापैकी मोठे आहे. पुढे ते लहान होत जाते, आणि अंतिम चित्रात क्षितिजावरचा एक ठिपका उरतो, नजरेतून सहज सुटावा इतका. शिवाय तराफ्याचे शीड वाऱ्याने डावीकडे फुगले आहे आणि ‘आर्गस’ उजवीकडे आहे. वारा त्यांना सुटकेपासून दूर ढकलतो आहे. प्रत्यक्षातही ते जहाज प्रथम दिसून नाहीसे झाले आणि काही वेळाने परत आले. चित्र त्या पहिल्या दर्शनाचे आहे. आशा आहे की नाही, हा प्रश्न चित्रकाराने जाणूनबुजून उघडा ठेवला. आणि आपण कुठे आहोत? जवळजवळ सगळी माणसे आपल्याकडे पाठ करून दूर पाहतात. आपल्या पायाशी प्रेते आहेत, त्यांतले एक चौकटीतून खाली घसरते आहे. एकच म्हातारा, मांडीवर तरुणाचे प्रेत घेऊन, क्षितिजाकडे पाठ करून बसला आहे. आपण तराफ्याच्या मागच्या टोकाला, त्याच्याही मागे आहोत.

हे छापील पानावर कळत नाही. चित्र ४९१ बाय ७१६ सेंटिमीटर आहे. मी दर वर्षी महाविद्यालयाच्या अंगणात खडूने एवढा आयत आखते आणि विद्यार्थ्यांना त्याच्या खालच्या कडेशी उभे राहायला सांगते. कडेलगतची माणसे आपल्याहून मोठी आहेत हे त्या क्षणी अंगाला जाणवते आणि ‘राजसत्तेचे प्रतीक’ वगैरे बोलणे थोडा वेळ थांबते. राजकीय अर्थ खराच आहे: १८१९ च्या प्रदर्शनात चित्राचे शीर्षक नुसते ‘नौकाभंगाचे दृश्य’ असे होते, पण कोणते जहाज हे पॅरिसमध्ये सर्वांना माहीत होते, आणि नालायक माणसाच्या हाती सुकाणू देणाऱ्या सरकारची त्यात निंदा होती. पण तो अर्थ पोहोचतो, कारण सरकारने ज्या ठिकाणी माणसांना सोडले त्या ठिकाणी चित्रकार आपल्याला उभे करतो. सगळ्यांच्या वर, कापड हलवणारा माणूस कृष्णवर्णीय आहे, तेही वसाहतीकडे निघालेल्या जहाजाच्या कथेत. हा योगायोग मानू नये.

मग फ्रीडरिश. जेरिकोच्या चित्रानंतर पाच वर्षांनी आलेल्या ‘बर्फाचा समुद्र’ या चित्रात घटना संपलेली आहे. मेलेले, वाचलेले, हाका मारणारे कोणीही नाही. पुढे तपकिरी, मातकट बर्फाच्या फरश्या पायऱ्यांसारख्या रचल्या आहेत, मध्यभागी त्यांचा निमुळता ढीग आकाशाकडे सरकतो, मागे निळसर, थंड, जवळजवळ प्रसन्न प्रकाश आहे. जहाज उजवीकडे, बर्फाखाली, कलंडलेल्या मागच्या भागापुरते दिसते. मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक विद्यार्थ्यांना ते पहिल्यांदा सापडतच नाही, आणि माझ्या मते हीच त्या चित्राची खरी कृती आहे: आपण आधी भव्य रचना पाहतो, तिच्या सौंदर्यात रमतो, आणि मग उशिरा कळते की तिच्याखाली माणसे गेली आहेत. कोठून पाहतो आहोत, याला उत्तर नाही. त्या जागी माणूस जिवंत उभा राहू शकला नसता.

फ्रीडरिश आर्क्टिकला कधी गेला नव्हता. त्या वर्षांत वायव्य जलमार्गाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिककडे जाणाऱ्या वाटेच्या शोधात निघालेल्या ब्रिटिश नौदल अधिकारी विल्यम पॅरीच्या मोहिमांची वर्णने युरोपभर वाचली जात होती, आणि १८२०–२१ च्या कडक हिवाळ्यात त्याने एल्ब नदीवर फुटून साचलेल्या बर्फाचे तैलरंगातले अभ्यास केले होते. ड्रेस्डेनच्या नदीतले हातभर बर्फाचे तुकडे त्याने ध्रुवप्रदेशात नेऊन मंदिराएवढे केले. अर्थाचे तीन मार्ग अभ्यासकांनी सुचवले आहेत. पहिला वैयक्तिक: १७८७ मध्ये, फ्रीडरिश तेरा वर्षांचा असताना, त्याचा धाकटा भाऊ बर्फ फुटून बुडाला, आणि तो फ्रीडरिशला वाचवताना गेला असे सांगितले जाते. दुसरा राजकीय: नेपोलियनविरुद्धच्या लढ्यानंतर ज्या स्वातंत्र्याची अपेक्षा होती ते मिळाले नाही, १८१९ मध्ये जर्मन राज्यांनी काढलेल्या कार्ल्सबाड आदेशांनी वृत्तपत्रे आणि विद्यापीठे यांवर पहारा बसला, आणि हा गोठलेला समुद्र म्हणजे तो काळ. तिसरा धार्मिक: माणसाची धडपड थांबते तिथे ईश्वराची अचल सत्ता सुरू होते, म्हणून मागचा प्रकाश इतका निर्मळ.

मला स्वतःला तिसरा मार्ग चित्राच्या अधिक जवळचा वाटतो, कारण फ्रीडरिशच्या इतर चित्रांत पडक्या मठाच्या कमानी जशा वर जातात तसाच हा बर्फ वर जातो. पण पहिल्या दोहोंना मी खोटे म्हणणार नाही. भाऊ गमावलेला माणूस बर्फ रंगवताना त्याला विसरला असेल असे मानणे अवघड आहे. मात्र चरित्रातली एक घटना घेऊन संपूर्ण चित्र तिच्यात कोंबणे हा सोपा मार्ग आहे, आणि तो तुम्ही टाळावा. हे चित्र फ्रीडरिशच्या हयातीत विकले गेले नाही. त्याच घरात राहणारा त्याचा मित्र, नॉर्वेजियन चित्रकार योहान क्रिस्तियान डाल, याने त्याच्या मृत्यूनंतर ते घेतले. समकालीनांना त्यात स्वतःला उभे करायला जागा मिळाली नाही, हे त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते.

इथवरचे थोडक्यात असे: व्हेर्नेपाशी आपण किनाऱ्यावर सुरक्षित, टर्नरपाशी त्याच लाटेत, जेरिकोपाशी सोडून दिलेल्यांमध्ये, आणि फ्रीडरिशपाशी सगळे संपल्यावर, माणसाविना. तुम्ही वाचलेले तीनही अर्थ या जागांशी जुळवून पाहा. दैवाची अस्थिरता किनाऱ्यावरून दिसते, राजवटीचा दोष तराफ्यावरून दिसतो, आणि माणूस नसलेल्या जागेवरून दिसतो तो निसर्ग किंवा ईश्वर.

यात एक चित्र मुद्दाम बाजूला ठेवले होते. टर्नरचे १८४० चे ‘गुलामांचे जहाज’, जे आता बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पूर्ण शीर्षकातच सांगितले आहे की गुलामांचे व्यापारी मेलेल्यांना आणि मरू लागलेल्यांना समुद्रात फेकत आहेत आणि वादळ येत आहे. त्यामागे १७८१ मधील ‘झाँग’ जहाजाची घटना आहे: शंभराहून अधिक बंदिवान जिवंत समुद्रात फेकले गेले आणि पुढे त्यांच्या ‘नुकसानी’चा विमा मागितला गेला. इथे जहाज अजून फुटलेले नाही. ते मागे, रक्तवर्णी प्रकाशात, वादळाकडे चालले आहे. पुढच्या पाण्यात बेडी असलेला पाय आणि त्याभोवती जमलेले मासे आहेत. आपल्या जवळ बुडणारे आहेत आणि दूर बुडवणारे. ज्या वादळाची आतापर्यंत आपण भीती बाळगली ते इथे न्याय म्हणून येताना दिसते, आणि ते यावे असे पाहणाऱ्याला वाटू लागते. टर्नरने चित्राबरोबर स्वतःच्या काही ओळी दिल्या होत्या, त्यांत तो फसव्या आशेला विचारतो की तुझी बाजारपेठ आता कुठे आहे. ‘आशा’ या शब्दावर तुम्हाला लिहायचेच असेल तर ती चार पाने इकडे आणा. इथे तो शब्द चित्रकाराचा स्वतःचा आहे.

रशियन चित्रकार आयवाझोव्हस्कीच्या ‘नववी लाट’ (१८५०) या चित्राविषयी तुम्ही विचारले आहे. ते सुंदर आहे, मोडलेल्या डोलकाठीला धरून राहिलेल्या माणसांवर पहाटेचा उबदार प्रकाश पडतो आणि आशा उघडपणे दिसते. पण म्हणूनच त्याच्यावर विवेचन लवकर संपते. परिशिष्टात ठेवा.

आणखी एक सूचना, जी मराठीत लिहिणाऱ्यालाच करावी लागते. आपल्या मनात भवसागर आधीपासून आहे. संतांच्या अभंगांतून नामाची नौका, पैलतीर आणि तारून नेणारा विठ्ठल आपल्याला इतके परिचित आहेत की कोणतेही जहाज दिसले की ते जीवननौका होते. ‘तारू’ आणि ‘तारणे’ हे शब्दच एकमेकांना लागून आहेत. पण भवसागराच्या प्रतिमेत पार जाण्याचे आश्वासन मुळाशी असते आणि तारणारा हजर असतो. जेरिकोच्या चित्रात तारणाऱ्या जहाजाचा ठिपका होतो आणि फ्रीडरिशच्या चित्रात तोही नाही. तुमच्या मसुद्यातला ‘फ्रीडरिशचे जहाज भवसागरात बुडाले’ हा परिच्छेद मी काढून टाकेन. त्याऐवजी या दोन कल्पनांतला फरक दाखवणारा परिच्छेद लिहिलात तर मराठी वाचकाला तो खरोखर उपयोगी पडेल, आणि तसे लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

निवडीविषयी: व्हेर्नेची एक जोडी, टर्नरची १८०५ आणि १८४० ची दोन चित्रे, जेरिको आणि फ्रीडरिश, एवढी पुरेत. प्रत्येकासाठी लेखनाला बसण्यापूर्वी त्याचे खरे माप भिंतीवर आखा, क्षितिज कोणत्या उंचीवर आहे ते मोजा, प्रकाश कोठून येतो ते लिहा, आणि चित्राच्या नावाचा इतिहास तपासा. बोमंटचे चित्र वर्ड्सवर्थच्या कवितेसह मधल्या प्रकरणात येऊ द्या.

शेवटच्या प्रकरणासाठी मात्र एक असे चित्र सुचवते ज्यात जहाज नाही. फ्रीडरिशचे ‘समुद्राकाठचा साधू’ (१८०८–१०) बर्लिनमध्ये आहे. वाळूची एक अरुंद पट्टी, काळपट समुद्राची दुसरी पट्टी, वर अफाट आकाश आणि एकच लहानशी पाठमोरी आकृती. इन्फ्रारेड तपासणीत दिसून आले आहे की फ्रीडरिशने या समुद्रावर आधी जहाजे रेखाटली होती आणि मग ती काढून टाकली. त्या जहाजांसह हे चित्र कसे वाचले गेले असते आणि त्यांच्याविना साधूच्या वाट्याला काय उरले, हे तुम्ही रचना मोजून लिहिलेत, तर ‘बर्फाचा समुद्र’ या चित्रातले ते अर्धे गाडलेले जहाज त्याने चौदा-पंधरा वर्षांनी परत का आणले, या प्रश्नाला हात घालता येईल. मसुदा तयार झाला की ते प्रकरण मला आधी पाठवा.